१५ दिवस नेमके कधी सुरू होतात? ऑनलाइन दाखले, सातबारा आणि तहसीलचं घड्याळ

छत्रपती संभाजीनगर : दहावी-बारावीचा निकाल लागला की पैठण असो, सिल्लोड असो की सोयगाव, तहसीलच्या गावी एकच चित्र दिसतं. सेवा केंद्रासमोर पालकांची रांग, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रं आणि आतून येणारं ठरलेलं उत्तर: "सर्व्हर स्लो आहे, चारनंतर या." उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत कागदावर १५ दिवसांची आहे, वय-अधिवासाचीही तेवढीच. तरीही घरोघरी महिना-महिना चकरा मारल्याची कहाणी ऐकायला मिळते. मजा अशी की कार्यालयाचा अहवाल पाहिला तर बहुतेक अर्ज मुदतीत निकाली निघालेले दिसतात. दोन्ही बाजू खोटं बोलत नाहीत. हे कसं होतं, ते समजून घेतलं तर आपलं काम थोडं सोपं होईल, म्हणून हा लेख.

दोन कायदे, दोन घड्याळं

सरकारी कर्मचाऱ्याच्या कामाला वेळेचं बंधन घालणारा पहिला मोठा कायदा २००५ चा. नाव लांबलचक आहे: महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम. लोक त्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. १ जुलै २००६ पासून तो लागू आहे. त्यात साधी गोष्ट लिहिली आहे: सर्वसाधारण फाइल एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर कामकाजाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. तातडीची असेल तर चार दिवस, आणि अत्यंत तातडीची असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. दुसऱ्या विभागाला विचारण्याची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, गरज असेल तर तीन महिन्यांत.

हा कायदा वाईट नव्हता. अडचण एवढीच की फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस आहे, हे बाहेरच्या माणसाला कळायचा मार्ग नव्हता. आवक-जावक रजिस्टर कार्यालयाचं, कपाट कार्यालयाचं, किल्ली शिपायाकडे.

दुसरा कायदा २०१५ चा, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. त्याचा अध्यादेश २८ एप्रिल २०१५ रोजी निघाला, म्हणून २८ एप्रिल हा सेवा हक्क दिन पाळतात. या कायद्यानं उलट बाजूनं सुरुवात केली. कर्मचाऱ्याच्या टेबलाऐवजी अर्जदाराच्या हातातल्या पावतीपासून दिवस मोजायला घेतले. प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी, त्याच्यावर प्रथम अपील अधिकारी, त्याच्यावर द्वितीय आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग अशी उतरंड आहे. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज ऑनलाइन, पावतीवर क्रमांक, मोबाइलवर मेसेज. कागदावर तरी बंदोबस्त पक्का.

जिथं खरंच फरक पडला

आधी चांगलं सांगू. सातबारा काढायला पूर्वी काय करावं लागायचं, ते चाळिशीच्या पुढच्या कुणालाही विचारा. एका तलाठ्याकडे सज्जातली तीन-चार गावं. भाऊसाहेब सोमवारी या गावाला, बुधवारी तहसीलच्या मीटिंगला, बाजाराच्या दिवशी तालुक्याला. सोसायटीच्या कर्जाला उतारा लागला की आधी भाऊसाहेबांचा माग काढायचा, मग उतारा. सही-शिक्का म्हणजे जीव की प्राण.

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. पंधरा रुपये भरा, उतारा घ्या, त्यावर वेगळा सही-शिक्का नको. त्यानंतर आठ-अही त्याच रस्त्यानं आला. आज वैजापूरच्या एखाद्या गावातला माणूस रात्री अकरा वाजता पुण्यात नोकरी करणाऱ्या पोराला फोन करतो आणि दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर उतारा येतो. या एका कामात माणूस मधून पूर्ण निघाला आणि हेलपाटाही निघाला. इथं कुणाच्या कामगिरीचं मूल्यमापन करावंच लागलं नाही, कारण मधलं कामच उरलं नाही.

मात्र हा नियम सगळीकडे लागू पडत नाही. उतारा म्हणजे तयार नोंदीची प्रत. ती नोंद करणं, बदलणं, दुरुस्त करणं हे माणसाचंच काम आहे, आणि खरी गाडी तिथंच अडते.

फेरफार कुणाच्या लॉगिनला?

खरेदीखत नोंदलं की दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची माहिती संगणकावर तलाठ्याकडे जाते. तलाठी (२०२४ पासून या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात मात्र अजून तलाठीच) फेरफार नोंदवतो, संबंधितांना नमुना ९ ची नोटीस काढतो आणि ती चावडीवर लावतो. हरकतीसाठी १५ दिवस. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, मग सातबाऱ्यावर नाव लागतं. वारस नोंद, बोजा चढवणं-उतरवणं, मयताचं नाव कमी करणं अशा कामांसाठी ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या अर्ज करता येतो.

आता गावातला संवाद ऐका.

"भाऊसाहेब, माझ्या फेरफाराचं काय झालं?"

"काका, माझ्याकडून झालंय. सर्कल साहेबांच्या लॉगिनला आहे."

सर्कल साहेब म्हणतात, नोटीस बजावल्याची प्रत अपलोड नाही, परत पाठवलाय. पूर्वी फाइल कुणाच्या टेबलावर आहे हे विचारायचे, आता कुणाच्या लॉगिनला आहे हे विचारतात. फरक एवढा पडला की आता त्याची तारीख राहते. हा फरक लहान नाही, कारण तारीख राहिली की तक्रारीला पाय मिळतात.

एक घरचंच उदाहरण देतो. आमच्या घरात वारस नोंदीचा अर्ज केला होता. नोंद मुदतीत झाली, मेसेजही आला. उतारा काढला तर चुलत्यांच्या नावात एक अक्षर चुकलेलं, त्यामुळे बँकेत आधारशी जुळेना. मग कलम १५५ खाली लेखन-प्रमादाच्या दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा नोटीस, पुन्हा आदेश. त्यात चार महिने गेले. कार्यालय कोणतं ते सांगण्यात अर्थ नाही, असं कुठंही होतं. सांगायचं ते वेगळंच आहे. त्या कार्यालयाच्या मासिक अहवालात आमच्या घरच्या एका कामाची दोन कामं दिसली असतील. वारस नोंद एक निकाली, दुरुस्ती एक निकाली. पहिल्यांदाच बरोबर केलं असतं तर एकच दिसलं असतं. म्हणजे चूक करणाऱ्याचा आकडा मोठा दिसतो.

घड्याळ उशिरा सुरू होतं, लवकर थांबतं

संगणकावर जे मोजलं जातं ते सुधारतं, आणि जे मोजलंच जात नाही तिथं चकरा जशाच्या तशा राहतात. उत्पन्नाच्या दाखल्याचंच बघा.

अर्जासोबत तलाठ्याचा उत्पन्न अहवाल लागतो. तो अर्ज करण्याआधी मिळवायचा असतो. तलाठी सापडेपर्यंतचे दिवस १५ दिवसांत धरत नाहीत, कारण अजून अर्जच झालेला नाही. मग केंद्रचालक सांगतो, "ठेवून जा, लोड कमी झाला की टाकतो." तुम्ही कागदं देऊन घरी येता. तुमच्या हिशेबानं अर्ज सोमवारी दिला, संगणकाच्या हिशेबानं गुरुवारी. पावती नाही तोवर घड्याळ सुरूच नाही.

दुसरं टोक शेवटाला आहे. अर्ज डेस्कवर गेला आणि कारकुनाला एखादं कागद अस्पष्ट वाटलं की तो "त्रुटी" लावून परत पाठवतो. अर्ज त्याच्या यादीतून गेला, त्याची थकबाकी शून्य. तुमच्यासाठी मात्र काम पहिल्या पायरीवर. त्रुटी खरी असेल तर गोष्ट वेगळी. पण ज्या महिन्यात वरून थकबाकी शून्य करण्याचा आदेश येतो, त्या महिन्यात त्रुटी वाढल्याच्या तक्रारी प्रत्येक तालुक्यातून का येतात, हे कुणीतरी तपासायला हवं. ते अवघड नाही. एकाच आधार क्रमांकावर एकाच दाखल्यासाठी किती वेळा अर्ज आला, हे संगणक एका मिनिटात सांगू शकतो. तसा आकडा कार्यालयाच्या फलकावर लागल्याचं निदान आम्ही तरी पाहिलेलं नाही.

महावितरणचं उदाहरण तुलनेला घ्यावं असं आहे. गावातली डीपी जळाली तर ग्रामीण भागात ४८ तासांत ती चालू करण्याचं मानक वीज नियामक आयोगानं घालून दिलं आहे, आणि ते पाळलं नाही तर भरपाई ग्राहकाला मिळण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात किती शेतकरी ती घेतात हा वेगळा विषय. पण तिथं उशिराची किंमत ज्याला सोसावी लागली त्याच्याकडे पैसे येतात. सेवा हक्क कायद्यात शिक्षा अधिकाऱ्याच्या दंडाची आहे.

शेजारच्या जिल्ह्यात संगणक नसताना

कार्यालय सुधारायला संगणकच लागतो असं नाही, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. १९८० च्या दशकात अहमदनगरचे (आता अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची बसण्याची रचना, अभिलेख आणि कामाची पद्धत बदलली. ती लखिना पॅटर्न म्हणून देशभर गेली. कागदांचं वर्गीकरण पक्कं केलं: 'अ' कायमचे, 'ब' ३० वर्षं, 'क-१' दहा वर्षं, 'क' पाच वर्षं आणि 'ड' एका वर्षानं नष्ट करायचे. कारकुनाच्या टेबलावरचं दप्तर सहा गठ्ठ्यांत: चालू प्रकरणं, प्रतीक्षेतली प्रकरणं, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, रेकॉर्ड रूमला पाठवायची आणि नष्ट करायची. साहेब तपासणीला आले की पहिला गठ्ठा उघडला तरी कळायचं, हा माणूस काम करतो की नाही.

पुढं चंद्रकांत दळवी यांनी पुणे विभागीय आयुक्त असताना हीच सहा गठ्ठ्यांची पद्धत धरून झिरो पेंडन्सी आणि रोजचं काम रोज हा उपक्रम चालवला, तो नंतर राज्यात पसरला. दोघांच्या पद्धतीत एक गोष्ट सारखी आहे. त्यांनी आधी प्रलंबित काम मोजायला लावलं, कर्मचाऱ्याला त्याच्याच टेबलाचा हिशेब दिला आणि मग जाब विचारला. नुसता जाब विचारला असता तर गठ्ठे बांधले गेले नसते, कपाटामागे गेले असते.

रेकॉर्ड नीट ठेवण्याचं काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. २०२३ मध्ये मराठवाड्याला त्याची किंमत कळली. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि तहसील, भूमी अभिलेख, शाळा, जुनी गाव दप्तरं अशा सगळ्या ठिकाणची कपाटं उघडली गेली. निजामाच्या काळातले उर्दू आणि मोडी कागद वाचणारी माणसं शोधावी लागली. ज्या गावाचं दप्तर वाळवी न लागता राहिलं, तिथल्या घराच्या हातात पुरावा आला. जिथं गठ्ठा भिजून गेला तिथं स्कॅनर तरी काय करणार? दप्तर जपणाऱ्या किंवा न जपणाऱ्या कारकुनाच्या गोपनीय अहवालात त्याचा कधी उल्लेखही झाला नसेल.

सातबाऱ्याचंही तसंच. हस्तलिखित उतारे संगणकावर चढवताना नावं, क्षेत्र, खातं यांत चुका झाल्या. त्या पकडायला २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन घेतलं. तलाठ्यानं उतारा मोठ्यानं वाचायचा, ज्याचा त्यानं ऐकायचा, चूक असेल तिथं सांगायचं, मग रि-एडिटमध्ये दुरुस्ती. पद्धत जुन्या काळातली, पण ज्या गावात ती खरंच झाली तिथं पुढचे वाद कमी झाले. ज्या गावात फक्त सह्या घेऊन झाली, तिथले लोक आज कलम १५५ चे अर्ज करत आहेत.

हजेरी मोजायची की काम?

२०२५ हे वर्ष महसूलच्या कर्मचाऱ्यांना लक्षात राहील. जानेवारीपासून राज्यभर कार्यालयांचा १०० दिवसांचा सुधारणा कार्यक्रम झाला. संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, अभ्यागतांसाठी सोयी, अधिकाऱ्यांच्या क्षेत्रीय भेटी अशा मुद्द्यांवर गुण होते आणि भारतीय गुणवत्ता परिषदेनं मूल्यमापन केलं. १ मे रोजी निकाल लागला. त्यानंतर ई-गव्हर्नन्सवर भर देणारा १५० दिवसांचा कार्यक्रम आला. बऱ्याच कार्यालयांत बसायला बाकडं, प्यायला पाणी आणि दिशादर्शक फलक या निमित्तानं आले. याला कमी लेखू नये. दोन तास उभं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला बाकडं ही मोठी गोष्ट आहे.

त्याच वर्षी महसूल विभागानं फेस ॲपवर हजेरी सक्तीची केली. लोकांनी स्वागत केलं, तलाठ्यांनी नाकं मुरडली. दोघांचं म्हणणं थोडं-थोडं बरोबर आहे. सज्जावर न येणारा तलाठी हा खरा प्रश्न होता आणि आहे. पण तलाठ्याचं निम्मं काम शिवारात असतं. अतिवृष्टी झाली की पंचनामे, निवडणूक आली की मतदार याद्या, मग ॲग्रीस्टॅकचे शेतकरी ओळख क्रमांक, अनुदानाच्या याद्या अपलोड करणं, ई-केवायसी न झालेल्यांना फोन. तो सकाळी दहाला चावडीत चेहरा दाखवून गेला, तर हजेरी भरली. त्यानं फेरफार किती आणि किती बरोबर नोंदवले, हे त्या चेहऱ्यावरून कसं कळणार?

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २०२३ मध्ये तलाठ्याच्या ४,६४४ जागांसाठी भरती निघाली, तेव्हा १० लाखांहून जास्त अर्ज आले. एवढ्या जागा एकदम भराव्या लागल्या, म्हणजे तोवर एकेका माणसाकडे दोन-दोन सज्जांचा कारभार होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये तलाठ्यांनी आंदोलनात आपल्या डिजिटल सहीचे डोंगल तहसीलमध्ये जमा केले, तेव्हा राज्यभर फेरफाराचं काम अडलं. व्यवस्था कितीही ऑनलाइन झाली तरी सही एका माणसाच्या डोंगलमध्ये आहे. त्याचा लॅपटॉप जुना, नेट त्याच्याच मोबाइलचं आणि गाव सोयगाव-कन्नडच्या डोंगरकडेला असेल, तर साहेबांच्या डॅशबोर्डवर तो मागे दिसणारच. शहरालगतच्या सज्जाशी त्याची तुलना करून नोटीस काढली, तर पुढच्या महिन्यात तो आकडा बरोबर करेल. कसा करेल, ते वर लिहिलंच आहे.

ई-पीक पाहणीतही हे दिसलं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः बांधावर जाऊन फोटो काढायचा आणि पेरा नोंदवायचा. कल्पना चांगली आहे, कारण तलाठी चावडीत बसून "गतवर्षीप्रमाणे" लिहायचा ही जुनी तक्रार होती. पण साधा फोन असलेल्या आजीनं काय करायचं? पुढं गावासाठी सहायक नेमले गेले आणि राहिलेली पाहणी त्यांच्याकडून व्हायला लागली. सेवेतला माणूस काढला आणि काही वर्षांत तो दुसऱ्या नावानं परत आणावा लागला.

मार्च २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात जिवंत सातबारा मोहीम सुरू झाली आणि १ एप्रिलपासून ती राज्यभर नेली. मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावायची. मोहिमेचा फायदा झाला, अनेक घरांचे वर्षानुवर्षं अडलेले उतारे सुटले. पण वारस नोंद ही रोजच्या कामातली सेवा आहे, मुदतीची आहे. तिच्यासाठी मोहीम काढावी लागली, म्हणजे तोवर सज्जावर कोणत्या आकड्याकडे लक्ष होतं, हा प्रश्न उरतो.

तुमच्या हातात काय आहे

कागदपत्रं दिली की त्याच दिवशी अर्ज टाकायला लावा आणि पावती हातात घेतल्याशिवाय केंद्रातून उठू नका. पावतीवरची तारीख हीच कायद्याची तारीख. "ठेवून जा" म्हटलं तर "मग उद्या आणतो" म्हणा, पण कागद सोडून येऊ नका.

त्रुटी लागली तर नेमकी कोणती, ते लेखी किंवा पोर्टलवर दिसलं पाहिजे. तोंडी सांगितलेली त्रुटी धरू नका. सगळी एकदम सांगा, असा आग्रह धरा. आज एक, परवा दुसरी, असं चालत राहिलं तर प्रत्येक वेळची तारीख वहीत लिहून ठेवा.

मुदत संपली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत प्रथम अपील करता येतं, आपले सरकार पोर्टलवरूनही. वकील लागत नाही. अपील केल्यानं साहेब चिडतील ही भीती गावात फार आहे, आणि ती अगदीच खोटी नाही, कारण प्रथम अपील बहुतेक वेळा त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. पण अपील झालं की ते प्रकरण मोजलं जातं. तोंडी तक्रार मोजली जात नाही. द्वितीय अपिलानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे ६० दिवसांत जाता येतं. संभाजीनगर विभागासाठी आयोगाचे स्वतंत्र आयुक्त आहेत, मुंबईला जायची गरज नाही.

उतारा किंवा दाखला हातात आला की तिथंच उभं राहून वाचा. नाव, गट नंबर, क्षेत्र, आधारवरचं स्पेलिंग. चूक दिसली तर त्याच दिवशी सांगा.

आणि पुढच्या वेळी तहसील किंवा ग्रामपंचायतीत गेलात तर भिंतीवरचा फलक बघा. कोणती सेवा, किती दिवस, किती शुल्क, पदनिर्देशित अधिकारी कोण, अपील कुणाकडे, हे तिथं लिहिलेलं असणं कायद्यानं बंधनकारक आहे. फलक नसेल किंवा त्यावर दोन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या साहेबांचं नाव असेल, तर त्याचा फोटो काढून आम्हाला पाठवा. गाव आणि तारीख लिहायला विसरू नका.